चिलखत कुणासाठी?



गेल्या अंकात युरोपात राहणाऱ्या आपल्या एका बंधूंचे पत्र छापून आले आहे. त्यांनी कळकळीने सुचविले आहे की, हल्लीचे दिवस पाहता परदेशी राहणाऱ्या प्रत्येक बेने इस्राएल कुटुंबाने माणशी एक बुलेटप्रूफ जॅकेट, म्हणजे इस्राएलमधील आपली मुले ज्याला शखपात्स म्हणतात ते, विकत घेऊन ठेवावे आणि सणावारी सिनेगॉगला जाताना कोटाखाली घालावे. माझ्या मुलाने ते पत्र कात्रीने कापून आमच्या स्वयंपाकघरातील फ्रिजवर चिकटविले. त्याखाली त्याने पेन्सिलीने मापे लिहिली. स्वतःचे, सुनेचे, माझे आणि दोन्ही नातवंडांचे. माझे माप त्याने अंदाजाने लिहिले होते व तो अंदाज फारच उदार होता. असो.

पत्रलेखक बंधूंच्या हेतूविषयी मला शंका नाही. भीती खरी आहे, आणि भ्यालेल्या माणसाला हसणे हा नर्सचा धर्म नव्हे. परंतु त्यांचा सल्ला चुकीचा आहे असे माझे मत आहे, आणि नुसता चुकीचा नाही तर तो आपल्याला योग्य कामापासून दूर नेणारा आहे. मी अलिबागला मराठी शाळेत शिकले, मुंबईत नर्सिंगचा कोर्स केला, १९८४ साली यजमानांच्या जहाजावरील नोकरीमुळे हॅम्बर्गला आले आणि इथल्या रुग्णालयात निवृत्त होईपर्यंत जखमा धुतल्या व बांधल्या. तेव्हा गोळी, चाकू आणि रक्त या विषयावर मी चार शब्द बोलले तर वाचकांनी आगाऊपणा समजू नये.

प्रथम भीतीचे कारण. ते लपवून वाद घालणे मला जमणार नाही.

आमच्या हॅम्बर्गचे सिनेगॉग आइम्सब्युटेल भागात होहे वायडे या रस्त्यावर आहे. १९०६ साली बांधलेले बोर्नप्लात्झचे मोठे सिनेगॉग नाझींनी १९३८ साली उद्ध्वस्त केले व १९३९ साली पाडून टाकले. त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, १९६० साली, हे नवे उभे राहिले. दारात पोलीस असतात. तरीसुद्धा ४ ऑक्टोबर २०२० रोजी, सुक्कोथच्या सणात, लष्करी पोशाख केलेल्या एका माणसाने दाराशीच किप्पा घातलेल्या २६ वर्षांच्या एका विद्यार्थ्याच्या डोक्यात घडीचे फावडे घातले. सुरक्षारक्षकांनी व पोलिसांनी त्याला तिथेच धरले. पुढे न्यायालयाने त्याला मनोरुग्णालयात ठेवण्याचा हुकूम दिला. त्यानंतरच्या सप्टेंबरात, २०२१ साली, शहराच्या मध्यभागी म्योंकेबेर्गश्ट्रासेवर इस्राएलच्या बाजूने शांतपणे उभ्या असलेल्या एका साठ वर्षांच्या गृहस्थांच्या तोंडावर एका पोराने ठोसा मारला व त्यांच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. ७ ऑक्टोबर २०२३ नंतर काय झाले ते मी तुम्हांला काय सांगावे. तुमच्यापैकी कित्येकांची नातवंडे त्या दिवसापासून युनिफॉर्ममध्ये आहेत.

आणि केवळ यहुदी म्हणूनच भय आहे असेही नाही. ९ मार्च २०२३ च्या रात्री आमच्याच शहरात डेलब्योगे रस्त्यावर यहोवाच्या साक्षीदारांच्या सभागृहात त्यांच्याच पंथातून बाहेर पडलेल्या एका माणसाने पिस्तुलातून शंभरावर गोळ्या झाडल्या. सहा माणसे आणि आईच्या पोटातले एक बाळ गेले. शेवटी त्याने स्वतःलाही मारून घेतले. २३ मे २०२५ रोजी संध्याकाळी हाउप्टबानहोफच्या, म्हणजे मुख्य स्टेशनच्या फलाटावर एका मनोरुग्ण बाईने चाकूने भराभर वार केले. १८ जण जखमी झाल्याचे पोलिसांनी त्या वेळी सांगितले. त्या स्टेशनवर १ ऑक्टोबर २०२३ पासूनच हत्यारबंदी होती. माझी सून रोज त्याच स्टेशनवर गाडी बदलते.

म्हणून मुलगा म्हणाला, "आई, तू उगाच हट्ट करू नकोस. माणशी काही शे युरोचा प्रश्न आहे. गाडीचा विमा आपण काढतोच ना?"

मी त्याला म्हटले, "बस. आपण एकेक प्रसंग घेऊ आणि पाहू, तुझे जॅकेट अंगात असते तर काय झाले असते."

होहे वायडेच्या दारातला घाव कुठे बसला? डोक्यावर. म्योंकेबेर्गश्ट्रासेवरचा ठोसा कुठे बसला? तोंडावर. जॅकेट छाती, पोट आणि पाठ झाकते. डोके, मान, काखा, जांघा, मांड्या आणि हात मोकळेच असतात. ऑपरेशन थिएटरमध्ये ज्यांनी थोडे दिवस काढले आहेत त्यांना ठाऊक आहे की मोठ्या रक्तवाहिन्या नेमक्या ह्याच मोकळ्या जागांतून जातात. मानेत एक, काखेत एक, जांघेत एक. मांडीतली मोठी शीर तुटली तर माणूस थोड्या मिनिटांत रिकामा होतो, मग त्याच्या छातीवर केव्हलार असो की पोलाद.

ह्या केव्हलारबद्दलही लोकांच्या कल्पना फार भाबड्या आहेत. हा धागा १९६५ साली अमेरिकेत ड्युपाँट कंपनीतील स्टेफनी क्वोलेक या बाईंनी शोधला. त्याचे घट्ट विणलेले पुष्कळ थर एकावर एक ठेवतात. पिस्तुलाची गोळी बोथट व वेगवान असते. ती थरांत अडकते, चपटी होते आणि तिचा जोर आजूबाजूच्या धाग्यांत वाटला जातो. क्रिकेटचा चेंडू जाळीत अडकावा तसे. पण तो जोर नाहीसा होत नाही, शरीरालाच सोसावा लागतो. अमेरिकेतील प्रमाणित चाचणीत जॅकेटच्या मागे चिकणमाती ठेवतात, व तिच्यात ४४ मिलिमीटरपर्यंत खळगा पडला तरी जॅकेट पास झाले असे समजतात. ४४ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ दोन इंच. हा खळगा माझ्या वयाच्या बाईच्या बरगड्यांत पडला तर काय होईल ते मी सांगायला नको. धडधाकट पोलिसाला तो परवडतो, कारण त्याच्यापुढे दुसरा पर्याय मरणाचा असतो.

चाकूचे तर निराळेच. गोळी अडविणाऱ्या मऊ जॅकेटमधून टोकदार चाकू पुष्कळदा आरपार जातो, कारण टोक धाग्यांना बाजूला सारून मधून घुसते. सतरंजीवर काठी मारा, सतरंजी सोसते. तिच्यातून दाभण मात्र सहज जाते. चाकूसाठी वेगळ्या विणीचे किंवा आत पत्रा घातलेले वेगळे जॅकेट मिळते. आणि रायफलची गोळी तर मऊ जॅकेट अडवीतच नाही. त्यासाठी चिनी मातीसारख्या कठीण सिरॅमिकची जड पाटी पुढेमागे घालावी लागते. जर्मनीत जॅकेटांना एस-के-एक, एस-के-दोन असे वर्ग आहेत. एस-के-एक पिस्तुलापुरते, रायफलसाठी त्याहून वरचे वर्ग. तेव्हा मुलाला विचारले, "बाबा रे, तू फ्रिजवर माप लिहिलेस, पण वर्ग लिहिला नाहीस. उद्या येणारा कोणते हत्यार घेऊन येणार आहे ते तुला कळले आहे काय?"

डेलब्योगेचे पिस्तूल ९ मिलिमीटरचे होते. एस-के-एक जॅकेट त्या गोळीला छातीवर अडविते, हे मी मान्य करते. पण मार्च महिन्यातल्या गुरुवारी संध्याकाळी बायबल वाचायला जाताना कोणी जॅकेट घालील काय? घालायचे तर रोज घालावे लागेल, उन्हाळ्यातही, बाजारातही, ट्रेनमध्येही. मऊ जॅकेट दोनतीन किलोचे असते, पाट्या घातल्या की त्याच्या कितीतरी पट. वर्षातून तीन सणांना घालायचे आणि बाकीचे दिवस कपाटात टांगून ठेवायचे, याला मी संरक्षण म्हणत नाही. आणि कपाटातही ते कायमचे राहत नाही. बनविणारे पाचदहा वर्षांचीच हमी देतात. घाम, ऊन व ओल यांनी काही धागे कुजतात. झायलॉन नावाच्या धाग्याची जॅकेटे अमेरिकेत पोलिसांनी विश्वासाने घातली. २००३ साली एका पोलिसाच्या जॅकेटमधून गोळी आरपार गेली, तेव्हा चौकशी झाली आणि २००५ साली त्या धाग्याची मान्यताच काढून घेण्यात आली. मुलांचे तर बोलूच नका. नातू बारा वर्षांचा आहे, पुढल्या वर्षी त्याची बार मित्स्वा. सहा महिन्यांत त्याची विजार आखूड होते. त्याच्या मापाचे घेतलेले जॅकेट बार मित्स्वाच्या दिवशी बगलेत काचेल.

आता मुंबईकडे वळते, कारण आपल्या लोकांना जॅकेटची गोष्ट सांगायची तर तिथूनच सांगितली पाहिजे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादविरोधी पथकाचे प्रमुख हेमंत करकरे सी.एस.टी. स्टेशनवर डोक्यावर शिरस्त्राण आणि अंगात जॅकेट चढविताना आपण सर्वांनी टेलिव्हिजनवर पाहिले. ते चित्र मी हॅम्बर्गच्या घरात बसून कितीतरी वेळा पाहिले आहे. थोड्याच वेळात कामा हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत ते, अशोक कामटे आणि विजय साळसकर मारले गेले. गोळ्या मानेच्या व खांद्याच्या बाजूने शिरल्या असे नंतर सांगण्यात आले, म्हणजे जॅकेट झाकते त्याच्या वर. पुढे ते जॅकेटच गहाळ झाले. कविता करकरे यांना नवऱ्याच्या जॅकेटचा पत्ता लावण्यासाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज करावा लागला. जॅकेटाच्या दर्जावर महाराष्ट्रात किती वाद झाला तो आठवा. त्या माउलींनी तो प्रश्न एकट्यासाठी विचारला नव्हता. पोलिसांना सरकारने कसली जॅकेटे दिली, कोणी तपासली, कोणी घेतली, हे त्यांना हवे होते. जॅकेट ज्याचे काम आहे त्याला ते चांगले मिळाले पाहिजे, यासाठी भांडणे योग्यच आहे. त्या २०१४ साली वारल्या.

त्याच रात्री त्याच कामा हॉस्पिटलमध्ये अंजली कुलथे नावाच्या स्टाफ नर्स ड्युटीवर होत्या. त्यांच्या वॉर्डात वीस गरोदर बायका होत्या. खाली फाटकावर दोन पहारेकऱ्यांना अतिरेक्यांनी मारले. कुलथेबाईंनी वॉर्डाचे जड दरवाजे ओढून लावले आणि त्या विसाही जणींना आतल्या लहानशा पँट्रीत नेऊन बसविले. एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिगृहात नेले व ती सुखरूप बाळंत झाली. ह्या बाईंच्या अंगावर काय होते? पांढरा युनिफॉर्म. पुढे त्यांनी न्यायालयात कसाबला ओळखले, आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे ही हकीकत सांगितली. मी हे नुसते अभिमानाने लिहीत नाही. धंद्याने मी त्यांच्याच जातीची आहे, म्हणून त्यांनी काय केले ते मी बारकाईने पाहते. दार लावले. माणसे आतल्या खोलीत हलविली. आवाज होऊ दिला नाही. जिला मदत हवी होती तिला मदत मिळविली. यातले एकही काम जॅकेटने होत नाही, आणि ही सगळी कामे सरावाने होतात.

आता दाराबद्दल. आपल्या आज्या योम किप्पुरला "दारफळणीचा सण" म्हणत. त्या दिवशी दारे लावून घ्यायची, कोणाला शिवायचे नाही, बाहेर पडायचे नाही. कोकणात लहानपणी मला वाटे की दारे देवाच्या भीतीने लावतात. ९ ऑक्टोबर २०१९ रोजी, योम किप्पुरच्याच दिवशी, जर्मनीतील हाले शहरात एक माणूस शिरस्त्राण, जॅकेट, घरी बनविलेल्या बंदुका आणि बाँब घेऊन सिनेगॉगवर आला. आत पन्नासच्या वर माणसे प्रार्थनेला उभी होती. त्याने दारावर गोळ्या झाडल्या, दार उघडले नाही. लाकडी दार, देसाउच्या सुताराने केलेले. चिडून त्याने रस्त्यावरून जाणाऱ्या एका बाईला व डोनरच्या दुकानात एका तरुणाला मारले. नीट पाहा, त्या दिवशी जॅकेट कोणाच्या अंगात होते? मारणाऱ्याच्या. आणि पोलिसांची गोळी त्याला कुठे चाटून गेली? मानेला.

मारायला येणारेच जॅकेट घालून येतात, हे अमेरिकेतही दिसून आले आहे. मे २०२२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात काळ्या लोकांच्या वस्तीतील एका दुकानात शिरलेल्या खुन्यावर तिथल्या पहारेकऱ्याने, जो निवृत्त पोलीस होता, गोळी झाडली. खुन्याच्या जॅकेटने ती अडविली आणि तो पहारेकरी मारला गेला. त्यानंतर न्यूयॉर्क राज्याने सामान्य माणसाला जॅकेट विकण्यावरच बंदी घातली. जर्मनीत तशी बंदी नाही, दुकानात पैसे टाकले की मिळते. पण इथल्या सभाविषयक कायद्यात १९८५ पासून एक कलम आहे, सतरा-अ. त्यानुसार उघड्यावरील सभेला वा मोर्चाला अंगरक्षक साधने घालून जाणे गुन्हा आहे. सरकारच्या मते चिलखत घालून येणारा मारामारीच्या तयारीनेच येतो. म्हणजे ज्या म्योंकेबेर्गश्ट्रासेवर त्या गृहस्थांना मारले, तिथे आपण उद्या मेणबत्त्या घेऊन उभे राहिलो आणि कोटाखाली जॅकेट निघाले, तर प्रथम आपल्यालाच पोलीस बाजूला घेतील. पत्रलेखक बंधूंनी ही गोष्ट तपासली नव्हती असे दिसते. दुकानदार ती सांगत नाही.

इथपर्यंत मुलगा ऐकत होता. मग त्याने मँचेस्टर काढले.

२ ऑक्टोबर २०२५, पुन्हा योम किप्पुर. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या हीटन पार्क सिनेगॉगवर एका माणसाने मोटार घातली आणि चाकू घेऊन तो आत घुसू पाहत होता. आतल्या लोकांनी दार धरून ठेवले. पोलीस आले व त्यांनी त्याला गोळ्या घातल्या. दोन यहुदी गेले, आणि त्यातले एक दार धरून उभे असताना पोलिसांच्याच गोळीने गेले. मुलगा म्हणाला, "आई, तो दार धरून उभा होता. तुझे दार. त्याच्या अंगात जॅकेट असते तर?"

मी लगेच उत्तर दिले नाही. भांडी घासली. खोटे बोलायचे नाही असे ठरविल्यावर माणसाला वेळ लागतो.

होय. त्या एका माणसाला कदाचित उपयोग झाला असता. दारात उभे राहणे ज्याचे काम आहे, त्याला जॅकेट द्यावे. मी मुलाला तेच सांगितले आणि इथे लिहून ठेवते. आपल्या सिनेगॉगच्या दारावर जे स्वयंसेवक पाळीने उभे राहतात, त्यांच्यासाठी मंडळाने चांगल्या वर्गाची दोन किंवा तीन जॅकेटे घ्यावीत, पोलिसांना विचारून घ्यावीत, तारीख पाहून बदलावीत, आणि पाळी बदलली की एकाने काढून दुसऱ्याला द्यावीत. तो खर्च सर्वांनी मिळून करावा, मी माझा वाटा देते. इस्राएलमधल्या वाचकांनाही मी हे सांगते, कारण तुमच्या मुलांसाठी सिरॅमिकच्या पाट्या मिळाव्यात म्हणून २०२३ च्या हिवाळ्यात जगभर वर्गण्या गोळा झाल्या, आम्हीही दिली, आणि ते देणे रास्तच होते. शिपायाला चिलखत, पहारेकऱ्याला चिलखत. माझ्या आठ वर्षांच्या नातीला चिलखत मात्र मी देणार नाही.

कारण काय होते ते मला दिसते. पोर शाळेत जाते. तिची शाळा ग्रिंडेलमध्ये, जुन्या तालमूद तोरा शाळेच्या इमारतीत, योसेफ कार्लेबाख यांच्या नावाची. फाटकाशी पोलीस आहेतच. आता तिच्या दप्तरात आपण एक कठीण पाटी घातली, तर तिने ती पाटी कशासाठी आहे हे विचारायचे नाही काय? आणि विचारले तर आपण काय सांगणार? पाठीवर गोळी बसली तर वाचशील, समोरून बसली तर नाही? २०१९ साली जर्मन सरकारच्या यहुदीद्वेषविरोधी अधिकाऱ्यांनीच उघड सांगितले होते की, यहुद्यांनी जर्मनीत सगळीकडे, सदासर्वकाळ किप्पा घालावा असा सल्ला आपण देऊ शकत नाही. त्यावर केवढा गदारोळ झाला, आणि तो योग्यच होता. आपण जॅकेट घातले म्हणजे त्यांचे म्हणणे आपणच शिवून अंगात घातल्यासारखे आहे. सरकारची जबाबदारी आपल्या खिशातून भरायची, आणि मग सरकार म्हणणार, झाले, हे लोक आपली काळजी घेतात.

इस्राएलचेच पाहा. १९९१ च्या आखाती युद्धानंतर तिथे नव्या घरात ममाद बांधणे कायद्याने आवश्यक केले. ज्याला पैसे आहेत त्याने बांधावी आणि दिमोनातल्या गरिबाने बांधू नये, असे झाले नाही. जुन्या घरांत ममाद नाही ही तक्रार आहेच, आणि ती सरकारकडे केली पाहिजे. पण मूळ विचार सरळ आहे की संरक्षण भिंतीत असावे, माणसाच्या अंगावर लादू नये.

इथेही भांडण्याजोग्या जागा पुष्कळ आहेत. डेलब्योगेच्या खुन्याकडे पिस्तुलाचा परवाना होता. त्याच्या मानसिक स्थितीबद्दल जानेवारी २०२३ मध्ये एक निनावी पत्र शस्त्रपरवाना खात्याकडे आले होते. फेब्रुवारीत अधिकारी त्याच्या घरी जाऊन पाहून आले, आणि पिस्तूल काढून घेण्याइतके कारण त्यांना कायद्यानुसार मिळाले नाही. मार्चमध्ये सात जीव गेले. स्टेशनवरील बाई आदल्याच दिवशी मनोरुग्णालयातून बाहेर आली होती. नर्स म्हणून हे वाचून मला झोप लागली नाही. आजाऱ्याला सोडताना तो कुठे जाणार, कोण त्याला घेणार, औषध कोण देणार, हे पाहणारे माणूस कमी केले की काय होते ते आम्ही वॉर्डात पाहिले आहे. आमदार-खासदारांना पत्र लिहायचे तर यावर लिहा. त्याला टपालाइतकेच पैसे लागतात. पण यात जॅकेट विकणाऱ्याचा फायदा नाही, म्हणून याची जाहिरात येत नाही.

आणि त्या फलाटावर त्या बाईला कोणी थांबविले? दोघा वाटसरूंनी. त्यातला एक सीरियातून आलेला कोवळा मुलगा. चिलखत दोघांच्याही अंगात नव्हते. हे मी मुलाला मुद्दाम सांगितले, कारण हल्ली त्याच्या तोंडून सीरियन लोकांविषयी जे येते ते मला आवडत नाही.

घरी आमचे असे ठरले. पाच जॅकेटांचे पैसे त्याने बाजूला काढलेच होते. त्यातले काही होहे वायडेच्या दारासाठी दिले. थोड्या पैशांत दोन चांगले टूर्निकेट घेतले. इस्राएलमध्ये प्रत्येक शिपायाकडे असते ते, होसेम ओर्किम. शिवाय दाब देणारे बँडेज आणि जखमेत भरण्याचे निर्जंतुक गॉझ. एक संच सुनेच्या पर्समध्ये, एक घरी. स्वस्तातले नकली घेऊ नका, पीळ देताना दांडी मोडते. मुलगा, सून आणि नातू तिघेही एकदिवसीय प्रथमोपचार वर्गाला गेले. इथे तो पंचेचाळीस मिनिटांच्या नऊ तासिकांचा असतो आणि कोणालाही प्रवेश मिळतो. बाकीचे मी स्वयंपाकघरात शिकविले. हातापायातून रक्त उसळत असेल तर पट्टा जखमेच्या चार बोटे वर, सांध्यावर नाही, रक्त थांबेपर्यंत पिळायचा. तो माणूस ओरडेल, तरी सैल करायचा नाही, आणि वेळ लिहून ठेवायची. मान, काख, जांघ इथे पट्टा चालत नाही. जांघ आणि काख असेल तर गॉझ बोटांनी आत कोंबायचे व दोन्ही हातांचे सगळे वजन टाकून दाबायचे. मानेवर नुसता हाताने नेमका दाब. छातीच्या जखमेत काही कोंबायचे नाही. ११२ ला फोन करताना रस्त्याचे नाव प्रथम सांगायचे, रडणे नंतर. नातवाने स्वतःच्या मांडीवर पट्टा पिळून पाहिला आणि पाय बधिर झाला म्हणून ओरडला. मी म्हटले, बरोबर लागला.

सिनेगॉगच्या मंडळालाही मी दोन गोष्टी लिहून दिल्या आहेत. मागचा दरवाजा कुठे आहे आणि त्याची किल्ली कोणाकडे, हे प्रत्येक बाईला माहीत हवे, कारण मुले बहुधा बायकांकडे असतात आणि सूचना मात्र पुरुषांना दिल्या जातात. आणि वर्षातून एकदा, सण नसताना, आत हलण्याची तालीम व्हावी. आमच्यात चाकाच्या खुर्चीतली चार म्हातारी माणसे आहेत. त्यांना कोण ढकलणार ते आधी ठरले पाहिजे. दोन महिने झाले, उत्तर आलेले नाही. मी पुन्हा लिहिणार आहे.

पत्रलेखक बंधूंचे कात्रण अजून फ्रिजवरच आहे. मुलाने ते काढले नाही, मीही काढले नाही. पेन्सिलीची मापे मात्र पुसली आहेत, आणि त्या जागी आता किल्ली कोणाकडे आहे ते लिहिले आहे. नातू किप्पा घालूनच जातो. वरून टोपी घालायची की नाही ते त्याचे आणि त्याच्या बापाचे अजून ठरलेले नाही, रोज सकाळी दारात वाद होतो.

पिशवीत काय काय असावे याची मराठीत लिहिलेली एक पानाची यादी मी संपादकांकडे पाठविली आहे. ज्यांना हवी असेल त्यांनी त्यांच्याकडे मागावी.